आवाज कुठून येतोय?

परवा दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारचा पोरगा त्याच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरखाली आडवा झाला होता. आत त्याने घर थाटलंय. ओटा, शेगडी, सिंक, पलंग, टपावर सोलर पॅनेल. नवरा-बायको कन्याकुमारीला निघालीत. फॅनबेल्ट, फ्यूज, होजपाइप, डिझेल फिल्टर असं सगळं सतरंजीवर मांडून त्याने विचारलं, "काका, अजून काय घेऊ?"

"हळद."

तो हसला. हसू दे. त्याने कसारा घाट एसीत बसूनच बघितलाय.

आमच्या मामांची मॅटाडोर मे महिन्यात कोकणातून परत यायची ती आंब्याच्या पेट्या, फणस आणि कोणीच मोजलेली नसतील इतकी पोरं घेऊन. कसाऱ्याला रेल्वेगाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, कारण पुढे चढच ३७ फुटांना १ फूट आहे. मॅटाडोरला मागून ढकलायला आम्ही होतो.

तापमानाचा काटा लालकडे गेला की ड्रायव्हर तात्या गाडी कडेला घेत, चाकामागे दगड लावायला लावत आणि बिडी पेटवत. तोवर रेडिएटरच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, झाकणाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलेलं, केवळ झाकणाने दाब धरलाय म्हणून उकळत नाहीये. उघडलंत की सगळं तोंडावर. बिडी संपली की दुसरी, मग बऱ्याच वेळाने ओलं फडकं टाकून झाकण अगदी जरासं फिरवायचं, फुस्स होऊ द्यायचं आणि मगच काढायचं. एका वर्षी रेडिएटरच गळत होता. तात्यांनी मामीकडे मिसळणाचा डबा मागितला. मामीला वाटलं, यांना इथे पिठलं हवंय की काय. मूठभर हळद पाण्यात गेली, फुगून चिरेत बसली आणि आम्ही घोटी मागे टाकली. पुढे नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्याने रेडिएटर खोलला तेव्हा त्याने तात्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. हळदीने नळ्या चोंदल्या होत्या. त्याचंही बरोबरच.

पण हळदीपर्यंत वेळ येऊच द्यायची नाही, हा तात्यांचा खाक्या. "गप्प बसा रे," म्हणून ते टेप बंद करत आणि मान तिरकी करून ऐकत. क्लच दाबल्यावर आवाज येतो तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. वेगाबरोबर वाढणारी, गिअर बदलला तरी तशीच राहणारी घूं घूं चाकाच्या बेअरिंगची. सकाळी चालू करताना चीं करतो तो ढिला बेल्ट. गाडी एकदम बंद पडत नाही, आधी पुष्कळ कुरकुरते, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून तर ही चाकांवरची घरं मला पटत नाहीत. आत झारा वाजतो, सांडशी वाजते, शेगडीवरची जाळी वाजते. त्या कालव्यात बेअरिंग बिचारं काय सांगणार? पोराच्या बायकोने हुकांना स्टीलचे कप टांगलेत. फोटोत छान दिसतात म्हणे. मी ते उतरवायला लावले, पंच्यात गुंडाळून ठेव म्हटलं. पाण्याची टाकी १०० लिटरची, म्हणजे १०० किलोंचं ओझं प्रत्येक वळणावर डुचमळणार. तेव्हा ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेक तापून धरायचेच नाहीत, हेही बजावलं. ब्रेकचं तिने ऐकून घेतलं. कपांचं तिला आवडलेलं दिसलं नाही.

मॅटाडोरचं इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. थंडीत त्याच्याशेजारी बसायला आम्ही भांडायचो. तात्यांच्या डाव्या हाताला ते वर्षानुवर्षं धडधडत राहिलं. डावा कान आधी गेला, मग उजवाही मंदावला. शेवटी शेवटी ते त्या झाकणावर तळवा टेकवून गाडीला काय होतंय ते सांगायचे, आणि बरोबर सांगायचे. तरी मामांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. कानाच्या यंत्राचा विषय मामीने एकदा जेवताना काढला. "वयाने होतं असं," मामा म्हणाले आणि ताक मागितलं.

तात्या तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.