बंदूक घ्यायची की नाही

रविवार रात्र, ह्यूस्टन

आज जेवताना परत तोच विषय निघाला. ओळखीतल्या एकांकडे घरफोडी झाली, लग्नातलं सगळं सोनं गेलं, तेव्हापासून नवरा म्हणतोय की एक पिस्तूल घेऊन ठेवूया. एच-वन या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होतो तोवर हा प्रश्नच नव्हता, हंटिंग लायसन्ससारखे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगताच येत नाही, पण आता ग्रीनकार्ड आलंय.

त्याची भीती खोटी नाहीये. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे. जॉर्जिया, टेक्सास, मिशिगन अशा राज्यांत भारतीयांची घरं हेरून दरोडे घालणाऱ्या टोळीच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली, ते वाचून मलाही झोप लागली नव्हती.

नवरा म्हणतो सेफमध्ये लॉक करून ठेवू, गोळ्या वेगळ्या ठेवू. इथले मुलांचे डॉक्टरही तेच सांगतात. पण मग रात्री दोनला कोणी दार फोडलं तर आधी सेफ उघडायची, गोळ्या भरायच्या आणि अंधारात समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला आपलाच मुलगा हे ओळखायचं, हे सगळं काही सेकंदात? २००८ च्या हेलर केसमध्ये हाच तर पेच होता. वॉशिंग्टन डीसीचा नियम होता की घरातली बंदूक रिकामी आणि भाग सुटे करून नाहीतर चाप अडवणारं ट्रिगर लॉक लावून ठेवा, सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो रद्द केला, कारण अशी बंदूक स्वसंरक्षणाच्या कामाची नाही. म्हणजे झटकन हाताशी यायला हवी. आणि आपल्या हाताशी आली की ती पोरांच्याही हाताशी येणार! यावर तो गप्प बसला.

मला चोरापेक्षा घरातल्यांचीच काळजी जास्त आहे. मुलगा सोळाचा आहे, मार्क कमी पडले की खोलीचं दार लावून बसतो, कोणाशी बोलत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. नको तो विचार मनात आलेलं माणूस ती वेळ टळली तर पुष्कळदा सावरतं, पण बंदूक जवळ असली की सावरायला वेळच मिळत नाही. हे मी नवऱ्याला आज स्पष्ट बोलले. बंदूक ठेवण्याचा हक्क आहे मान्य, पण आपल्या घरात नको म्हणजे नको.

सोनं या आठवड्यात बँकेच्या लॉकरमध्ये जाईल, मागच्या दाराचं कुलूप बदलायचं आणि अलार्म बसवायचा, एवढ्यावर तो तयार झालाय.

अजून एक. धाकटीला शनिवारी मैत्रिणीकडे स्लीपओव्हरला जायचंय. उद्या तिच्या आईला फोन करून विचारणार आहे की घरात बंदूक आहे का, असेल तर लॉक केलेली असते का. इथले मुलांचे डॉक्टर पालकांना हे विचारायला सांगतातच, आपल्या लोकांत मात्र आगाऊपणा वाटेल म्हणून कोणी विचारत नाही. वाटला तर वाटू दे, मी विचारणार.