पोरीला गेमिंगमध्ये घालावी का?

चवथीला आरती आटोपली, हातावर प्रसाद पडला, की कुणीतरी मला गाठतंच. "आमच्या पोरीला गेम बनवायला शिकायचंय. पण त्या धंद्यात माणसं काढतायत म्हणे. घालावी का तिला?" मी इथे गोव्यात, फोंड्यात बसून परदेशी गेमसाठी थ्रीडी काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला. (इथे कॅसिनोलाही 'गेमिंग' म्हणतात; मांडवी नदीतल्या त्या कॅसिनोंशी आमचा संबंध नाही, हेही दरवेळी सांगावं लागतं.) तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

काढतायत, खरं आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधली १,९०० माणसं घरी बसवली. त्याआधी तीनच महिने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी विकत घ्यायला जवळपास ६,९०० कोटी डॉलर मोजले होते. फेब्रुवारीत सोनीने ९०० जण कमी केले. तेव्हा पैसा नाही असं कुणी म्हणू नये.

तो जातो कुठे, हे माझ्या शेजारी बसलात तर दिसेल. मध्यंतरी एका दाराची कडी करत होते. आधी बारीकसारीक खाचांसकट हाय-पॉली, म्हणजे भरपूर तपशिलाचं मॉडेल, मग गेममध्ये चालावं म्हणून तेच हलकं करून लो-पॉली, त्यावर टेक्श्चर, म्हणजे वरचा रंग-पोत. रोज हात लागतो तिथे लोखंड गुळगुळीत, सांध्यात गंज, खिळ्याखाली तांबूस ओघळ. (गंज कसा चढतो हे गोव्याच्या माणसाला शिकवायला नको.) दोनदा परत आली, ओघळ फार ताजा दिसतो म्हणून. खेळणारा त्या दारातून धावत जाणार, कडीकडे बघणारही नाही. अशा हजारो वस्तू, वर अभिनेते, संगीत, चार-पाच वर्षांचे पगार. सोनीच्या 'स्पायडर-मॅन २' या गेमचा खर्च फुटलेल्या कागदपत्रांनुसार तीस कोटी डॉलरच्या घरात गेला.

एवढे ओतल्यावर नवं काही करून बघायची छाती कुणाची होणार? मग जुन्याचाच पुढचा भाग काढायचा, नाहीतर कधीच न संपणारा ऑनलाइन गेम. पण लोकांच्या संध्याकाळी 'फोर्टनाइट'सारख्या ऑनलाइन गेमने २०१७ पासून अडवून ठेवल्यात. सोनीचा 'कॉनकॉर्ड' हा तसलाच ऑनलाइन गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंदही झाला. गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले, ऑक्टोबरात तो बनवणाऱ्या स्टुडिओला टाळं लागलं. तिकडे गेम बंद पडला की इकडे आमच्यासारख्यांचं कामही थांबतं, आणि त्याची बातमी कुठे येत नाही.

त्याच वर्षी एकट्याने बनवलेला 'बालाट्रो' हा पत्त्यांचा गेम लाखोंनी खपला. पुण्यातल्या छोट्या टीमने 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर पोचवला. पण एकट्यादुकट्याचे असंख्य गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात कुणी न बघता पडून असतात, हेही पोरीला सांगा.

माझं मत विचाराल तर शिकू द्या, फक्त मोठ्या कंपनीची नोकरी हेच ध्येय ठेवून नको. घरच्या कॉम्प्युटरवर थ्रीडी कामासाठी ब्लेंडर आणि गेम बनवायला गोडो ही सॉफ्टवेअर घालून द्या, दोन्ही फुकट आहेत. एक लहानसा गेम करू दे, पाच मिनिटांचा का असेना, पण पुरा. सुरू करणारे पुष्कळ भेटतात, पुरा करणारे फार थोडे. तेवढं जमेपर्यंत, नोकरीची हमी देऊन लाखांत फी घेणाऱ्या कोर्सला पैसे भरू नका.