एक टक्का कुठल्या खात्यात?

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप. जहाजाच्या डेकवरची पोलादी हॅच, म्हणजे पाणी आत न शिरू देणारी झाकणं, आम्ही बनवतो. हिशेब माझ्याकडे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी बँकेत अकरा लाख होते. दारात पोलादी प्लेट्सचा ट्रक उभा. नऊ लाख जमा झाल्याशिवाय ड्रायव्हर ताडपत्री सोडायला तयार नव्हता. टेबलावर प्रयोगशाळेची मेल: फायबरच्या नव्या हॅचची अग्निचाचणी हवी असेल तर आजच सहा लाख आगाऊ, नाहीतर पुढची तारीख तीन महिन्यांनी.

फायबर गंजत नाही, वजनाला हलकं. डेकसारख्या उंच जागेवरचं वजन घटलं की जहाजाची स्थिरता वाढते. पण त्यातली राळ, म्हणजे रेझिन, जळते, म्हणून चाचणी.

सरकारकडे निदान रकाने वेगळे असतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओला २६,८१६ कोटी, संरक्षणाच्या भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. आम्ही नमुना केला होता तो संरक्षण खरेदीतल्या 'मेक-२' या सरकारी वाटेने. तिथे नमुन्याचा खर्च उद्योगानेच सोसायचा, पसंत पडला तर पुढे खरेदी. म्हणजे संशोधन नि उत्पादन, दोन्हींचं भांडण आमच्या एकाच करंट खात्यात.

"भाई, आधी प्लेट्स घेऊया," मी मालकांना म्हटलं. "उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का कापतात."

फोरमन मामा माझ्या बाजूने बोलतील असं वाटलं होतं. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, आणि फायबरमध्ये वेल्डिंगच नाही! पण ते म्हणाले, "पोलादाचं झाकण उचलायला तिघे लागतात. हे मी एकटा उचलतो."

भाईंनी सहा लाख पाठवायला सांगितले. ट्रक चहा पिऊन परत गेला. मी धुसफुसतच ट्रान्सफर केला.

चाचणीत आग अडली, धूर मात्र जास्त निघाला. राळ बदलावी लागणार. इकडे पोलादी हॅच दोन आठवडे उशिरा गेली आणि अडतीस लाखांच्या बिलातून एक टक्का कापला गेला. ते अडतीस हजार मी 'संशोधन' खात्यात टाकले.

मडगावच्या सीएंनी त्यावर पेन्सिलीने गोल केला. "हा दंड आहे. कसलं संशोधन?"

मी कोपऱ्यातलं काळवंडलेलं झाकण दाखवलं. त्यांनी ते एकट्याने उचलून पाहिलं, हात झटकले, आणि खातं बदलायला लावलंच.