गाणं फुकट चालेल, मंडप नाही

इथे अमेरिकेत निवडणूक आली की गायक-वादक उघडपणे बाजू घेतात, आणि भारतातून हमखास विचारणा होते: कलाकारांनी या फंदात पडावं का? माझ्या मते जरूर पडावं. फक्त स्वतःच्या नावावर आणि बिदागी न घेता.

इथल्या कायद्यात एक गोष्ट फार चोख आहे. गायक उमेदवारासाठी फुकट गायला तर ती स्वयंसेवा. त्याची एरवीची बिदागी कितीही असो, ती देणगीत धरत नाहीत. पण सभागृहाचं भाडं, साउंड, लाइट, पगारी वादक आणि तंत्रज्ञ हे सगळं प्रचार समितीनेच भरायचं. गायकाने ते खिशातून भरलं की झाली देणगी, आणि २०२४ मध्ये तिची मर्यादा होती माणशी, दर निवडणुकीला ३,३०० डॉलर. मोठ्या कार्यक्रमाच्या साउंडलाच ती पुरत नाही. रेकॉर्ड कंपनीने आपली पगारी माणसं पाठवली तर प्रकरण आणखी चिघळतं, कारण कंपन्यांनी उमेदवाराला थेट देणगी द्यायलाच बंदी आहे.

२००८ मध्ये एल्टन जॉन न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या हिलरी क्लिंटन यांच्यासाठी गायले. ते ब्रिटिश, आणि परदेशी नागरिकाला इथे एक डॉलरही देता येत नाही, म्हणून तक्रार झाली. निवडणूक आयोगाने ती फेटाळली: विनामोबदला गाणं ही स्वयंसेवाच. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनाही हाच नियम. देणगी देता येत नाही, फुकट राबता येतं. ग्रीन कार्ड असेल तर देणगीही चालते.

चाहते मेंढरांसारखे मागे जातील ही भीती मला पटत नाही. टेलर स्विफ्टने २०१८ मध्ये टेनेसीत सिनेटचे उमेदवार फिल ब्रेडेसन यांना पाठिंबा दिला, ते हरले. २०२४ मध्ये तिने कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला, तिच्या लिंकवरून एका दिवसात चार लाखांवर लोक मतदार नोंदणीच्या सरकारी साइटवर गेले, तरी हॅरिस हरल्याच.

आणि हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांनी डफावर थाप मारून संयुक्त महाराष्ट्र मागितला होता. पण २०१३ मध्ये लतादीदींनी मोदी पंतप्रधान व्हावेत एवढी इच्छा बोलून दाखवली, तर भारतरत्न परत करा म्हणणारेही निघाले. ते मला आजही खटकतं.

इथल्या मराठी मंडळांनी मात्र जपावं. बहुतेक मंडळं ५०१ सी ३ प्रकारातली करमुक्त संस्था असतात, आणि १९५४ पासून अशा संस्थांना उमेदवाराचा प्रचार वर्ज्य आहे. गणेशोत्सवातल्या पाहुण्या गायकाला माइक देण्याआधीच तसं सांगावं. त्याला बोलायचंच असेल तर स्वतःच्या पेजवर बोलावं, मंडळाचं नाव आणि बॅनर न वापरता.