काय म्हनती ती?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

पाऊस थांबायचं नाव नाही. कढई आणि झारा ओट्यावर तसाच पडलाय. उद्या मावशी आल्या की घासतील. (हे लिहिताना जरा चरकलेच. पण आता खोडत नाही.)

आज स्पॅनिशच्या वर्गातली मंडळी घरी आली होती. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून गुडघेदुखी आणि स्पॅनिश ही दोन्ही दुखणी मला एकदमच लागली. दोन वर्षं झाली, अजून भूतकाळाच्या क्रियापदांत अडखळते. बाई म्हणाल्या, पुस्तक पुरे, एखादा सिनेमा बघू या सगळे मिळून. म्हणून 'स्पँग्लिश' लावला. 2004 सालचा, जेम्स एल. ब्रूक्सचा. लॉस एंजेलिसमधलं श्रीमंत घर, मेक्सिकोहून मुलीला घेऊन आलेली फ्लोर तिथे कामाला लागते, तिला इंग्रजीचा गंध नाही, आणि घरच्यांना स्पॅनिशचा. मालक जॉन, म्हणजे अ‍ॅडम सँडलर, नावाजलेला शेफ. मालकीण डेबरा नोकरी सुटल्यामुळे सैरभैर झालेली. मध्ये दुभाषी म्हणून फ्लोरची मुलगी, क्रिस्टीना. प्रेमकथा म्हणावी तर प्रेम अगदी शेवटाकडे ओठांवर येतं आणि तिथूनच मागे फिरतं.

या सिनेमाची गंमत अशी की त्यातल्या स्पॅनिश संवादांना खाली इंग्रजी पाट्याच नाहीत. फ्लोर तडातडा बोलते आणि आपण जॉनसारखे बघत बसायचं. वर्गातला आयटीवाला मुलगा पहिला अर्धा तास नुसता वैतागला होता. "अर्धा सिनेमा कळणारच नाही, मग बघायचा कशाला?" मग एक आख्खं वाक्य त्याला पाट्यांशिवाय कळलं आणि त्याचा चेहरा असा खुलला, की पुढे तो प्रत्येक वाक्याचा अर्थ मोठ्यानं सांगायला लागला. शेवटी बाईंनी त्याला भज्यांची ताटली देऊन गप्प केलं.

बाईंचं मत वेगळंच. फ्लोरचं काम करणारी पाझ वेगा मूळची स्पेनची, सेव्हिल शहरातली. मेक्सिकोच्या बाईच्या तोंडी तो सूर बाईंच्या कानाला खटकत होता. "गडहिंग्लजच्या बाईचं काम सदाशिव पेठेतल्या नटीनं करावं तसं आहे हे." आम्हाला कुणालाच काही खटकलं नाही, कारण खटकण्याइतकी भाषा आमच्याकडे कुठे आहे!

इंजिनिअरिंगला असलेली मुलगी डेबराच्या बाजूनं भांडली. नवऱ्याला समजूतदारपणाचा पुतळा केलाय, कामवालीला देवी केलंय, आणि सगळा वेडेपणा एकट्या बायकोच्या माथी मारलाय, म्हणाली. मला पटलं. डेबरा स्वतःच्या मुलीला, बर्निसला, मुद्दाम एक माप लहान कपडे आणून देते, बारीक व्हावीस म्हणून. असली बाई पडद्यावर आली की तिच्याविषयी वाईट वाटून घ्यायला लेखकानं जागाच ठेवलेली नाही. आमच्या ह्यांचं मत फक्त एका सँडविचपुरतं होतं. जॉन रात्री एकटा उभा राहून अंड्याचं सँडविच करतो, सुरी फिरवली की पिवळा बलक ओघळतो, ते पाहून हे जे स्वयंपाकघरात गेले ते परत आलेच नाहीत. ते सँडविच म्हणे अमेरिकेतल्या थॉमस केलर नावाच्या मोठ्या शेफनं सिनेमासाठी बसवून दिलं होतं. आमच्याकडे बलक कडक झाला.

हे सगळं ठीक. लिहायला बसले ते मावशींसाठी.

रविवारी त्यांची सुट्टी असते, पण भजी तळायला याल का म्हणून मीच विचारलं होतं. (मावशी माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेत. तरी मी मावशी म्हणते, सगळी सोसायटीच म्हणते.) पाऊस वाढला म्हणून त्या थांबल्या, त्यांची लेक छत्री घेऊन न्यायला आली तीही थांबली. मी सोफ्यावर बसा म्हटलं. लेक खुर्चीत बसली, मावशी दाराशी, फरशीवर.

मावशी यादगीरकडच्या. मराठी पुण्यात येऊन शिकल्या, इंग्रजी नाही, स्पॅनिशचा प्रश्नच नाही. पाचेक मिनिटांनी त्यांनी लेकीला कोपरानं ढोसलं, "काय म्हनती ती?" लेक महापालिकेच्या शाळेत नववीला, इंग्रजी बरं आहे तिचं. ती हळू आवाजात आईला कानडीत सांगायला लागली. पडद्यावर एक मुलगी आईचं स्पॅनिश इंग्रजीत करत होती आणि पडद्यासमोर दुसरी मुलगी ते इंग्रजी कानडीत. मधल्या आम्ही पाच शिकलेल्या माणसांना अर्धंमुर्धं कळत होतं. पूर्ण सिनेमा बहुधा दाराशीच पोचत होता.

बर्निसच्या कपड्यांचा प्रसंग आला. फ्लोर रात्रभर जागून ते कपडे उसवते, सैल करते, आणि 'एकदा घालून तर बघ' एवढंच इंग्रजी मुलीकडून घोकून घेऊन सकाळी बर्निसपुढे उभी राहते. इथे लेकीला काही सांगावं लागलं नाही. मावशी नुसत्या म्हणाल्या, "शिलाई आत दाबून ठिवलेली आसती, म्हनून झालं." आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

मग समुद्रकिनाऱ्याचा प्रसंग. लाटांनी गुळगुळीत झालेले काचेचे तुकडे गोळा करा, तुकड्यामागे पैसे देतो, असं जॉन मुलांना सांगतो. क्रिस्टीना दिवसभर राबून ढीग जमवते आणि घसघशीत पैसे मिळवते. फ्लोर भडकते. जाब विचारायला जाते, पण भाषा नाही, म्हणून त्याच मुलीला मध्ये उभी करते. क्रिस्टीना आईचा राग शब्दाला शब्द, हातवाऱ्यांसकट, इंग्रजीत ओतते. त्यात तिची स्वतःची खरडपट्टीसुद्धा ती इमानानं भाषांतरित करते. आम्ही सगळे हसत होतो. विनोदी आहेच तो प्रसंग, फार सुरेख बसवलाय.

मावशींची लेक सांगता सांगता मध्येच थांबली. "काय म्हनती ती?" मावशींनी पुन्हा विचारलं. लेकीनं सांगितलं. मावशी टीव्हीकडेच बघत, मराठीत, म्हणाल्या, "बराबर हाय तिचं. आईला इचारायला पायजे हुतं."

मराठीत का म्हणाल्या? लेकीशी तर कानडी चालू होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी या मुलीला इंग्रजी संभाषणाच्या क्लासला घातलं. फी मीच भरली, फॉर्मही मीच भरला, सही करून पावती तिच्या हातात दिली. मावशींना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि लादी पुसायला लागल्या. मी तेव्हा मनात थोडी खट्टूच झाले होते, की एवढं केलं तर दोन शब्द बोलायला काय होतं. मुलगी पंधरा दिवस गेली, मग जायची बंद झाली. शाळेचा अभ्यास वाढला म्हणाली.

शेवट कुणालाच फारसा आवडला नाही. फ्लोर नोकरी सोडते, आणि डेबरानं जिथे शिष्यवृत्ती मिळवून दिलेली असते त्या भारी शाळेतूनही मुलीला काढते. आयटीवाला म्हणाला, हा मुलीवर अन्याय आहे. बाई म्हणाल्या, अरे, ती मुलगी मोठी होऊन प्रिन्स्टनच्या प्रवेशअर्जात आईविषयी निबंध लिहिते, तोच तर हा सिनेमा. माझं लक्ष दाराकडे होतं. दोघी मायलेकी चपला घालत होत्या.

सोमवार, दुपार

मावशी नेहमीच्या वेळेला आल्या. कढई घासत होत्या तेव्हा चहा ठेवता ठेवता मी विचारलं, "मावशी, त्या क्लासचं मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं ना?"

"कोनत्या किलासचं?" म्हणाल्या. नळ मोठा सोडलेला होता.

मग पाणी बंद करून विचारलं, "ताई, त्या बाईला पुढं दुसरं काम भेटलं का?"

"ते दाखवलं नाही सिनेमात."

"भेटलं आसंल," म्हणाल्या, आणि झारा घासायला घेतला.