गिरणगावातल्या टोळ्या आणि गिरण्यांची जमीन

मुंबईच्या गुन्हेगारी जगताविषयी लिहिणारे बहुतेक जण हाजी मस्तान, करीम लाला आणि वरदराजन मुदलियार या तिघांपासून आरंभ करतात आणि तिथून थेट दुबई गाठतात. मधल्या वाटेवर लालबाग, परळ, भायखळा, चिंचपोकळी लागतात, तिथे मात्र फारसे कोणी थांबत नाही. मी याच भागातल्या चाळीत वाढलो आणि माझे वडील गिरणीत मागखात्यात होते, त्यामुळे मला तिथे थांबणे भाग आहे.

1982 च्या गिरणी संपापूर्वीही या गिरणगावात गुन्हेगारी होती. 1949 च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीला बरकत आणली आणि साठच्या दशकात मटका वस्तीवस्तीत पोहोचला. मटक्याचा आकडा मुळात न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या भावावर लावला जाई. दिवसभर कापसाचे सूत काढणारा माणूस संध्याकाळी त्याच कापसाच्या भावावर पगारातले दोन रुपये लावत होता, हे मला फार नंतर कळले आणि तेव्हापासून ते मनातून गेलेले नाही.

11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. कीर्ती महाविद्यालयात शिकलेल्या या तरुणाचा मृत्यू मुंबईतील पहिली मोठी चकमक म्हणून ओळखला जातो. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी, 18 जानेवारीला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संपामुळे कामगारांची मुले गुंड झाली, असे सरसकट म्हटले जाते, ते मला मान्य नाही. आमच्या मजल्यावरची दोन कुटुंबे कोकणात परतली, एकाने भाजीची गाडी लावली, बायकांनी खाणावळी चालवल्या, आणि टोळीत गेला तो एकच मुलगा. परंतु व्यायामशाळेत आणि गणेशोत्सव मंडळात वेळ काढणाऱ्या बेकार तरुणांमधून हवी तेवढी पोरे निवडण्याची सोय टोळ्यांना झाली, हे खरे आहे.

भायखळ्यात बाबू रेशीम, रमा नाईक आणि अरुण गवळी यांची टोळी याच काळात वाढली. 1987 मध्ये बाबू रेशीमला पोलीस कोठडीत शिरून मारण्यात आले, पुढच्या वर्षी रमा नाईक चकमकीत ठार झाला आणि टोळीचा अड्डा असलेली दगडी चाळ गवळीच्या हाती आली.

टोळ्यांची खरी ताकद मात्र हप्त्यांपेक्षा जमिनीभोवती दिसते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाची वाट उघडली. एरवी तोट्यात चाललेली गिरणी तिच्याखालच्या जमिनीमुळे एका रात्रीत सोन्याची झाली. अशी जमीन विकायची किंवा गिरणी दुसरीकडे हलवायची, तर कामगारांची संमती हवी. आणि संमती मिळवणे, विरोध मोडणे किंवा चाळ रिकामी करून घेणे ही कामे धाक असलेल्या माणसांकडे जाऊ लागली. भायखळ्याची गिरणी हलवून तिथली जमीन विकण्याच्या प्रयत्नात असलेले गिरणीमालक सुनीत खटाव यांची 7 मे 1994 रोजी महालक्ष्मीजवळ गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा मालकही यातून सुटणार नाहीत हे सगळ्यांना कळले. पोलिसांनी ठपका गवळीचा प्रतिस्पर्धी अमर नाईक याच्या टोळीवर ठेवला. तो स्वतः 1996 मध्ये चकमकीत मारला गेला. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत डॉ. सामंतांची गोळ्या झाडून हत्या झाली, त्या दिवशी माझे वडील जेवले नाहीत. संपाने त्यांचे सर्वस्व नेले होते, तरीही डॉक्टरांविषयी वावगा शब्द त्यांनी कधी काढला नाही.

2004 मध्ये गवळी चिंचपोकळीतून आमदार झाला. नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाबद्दल 2012 मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच वर्षी गिरण्यांच्या जमिनींवर बांधलेल्या घरांची कामगारांसाठी पहिली सोडत निघाली. वडिलांचे नाव तीत नव्हते. अर्जावर आता वारस म्हणून आईचे नाव आहे.