सहा टोकन, त्यातलं एक फुकटचं

आमच्या मुलांच्या संघाचा सराव, आठवडा सहावा. एफएलएल (फर्स्ट लेगो लीग) चॅलेंज, म्हणजे मुलांनी बांधलेल्या लेगो रोबोंची स्पर्धा, ‘सबमर्ज्ड’ सीझन (२०२४-२५).

सामना अडीच मिनिटांचा, आणि ६ लाल टोकन. रोबो होमबाहेर (होम म्हणजे टेबलावरची त्याची सुटायची-परतायची जागा) असताना त्याला हात लावला की एक टोकन गेलं. शेवटी जेवढी उरतील त्यावर गुण: ६ ला ५०, ५ लाही ५०, मग ४ ला ३५, ३ ला २५, २ ला १५, १ ला १०. हा तक्ता मी शंभरदा वाचलाय. तरी आमचा नियम एकच होता, हात लावायचा नाही. त्यापायी परतीचा कोडच जाण्याच्या कोडपेक्षा मोठा झालेला.

रविवारी अँगलर फिशचं मिशन (टेबलावरच्या कामांपैकी एक, ३० गुण) करून रोबो परत निघाला आणि कडेच्या फळीला घासत जागच्या जागी चाकं फिरवत बसला. एकीने वैतागून उचलला. दुसरी तक्त्यात बोट घालून म्हणाली, “काका, पाचालाही पन्नासच आहेत की!”

मग ते टोकन मुद्दामच का खर्चू नये? घड्याळ लावलं. चालत परत यायला ९ सेकंद, उचलून आणायला ३. पोरांनी लगेच सर्वांत लांबचा, सॅम्पल गोळा करायचा रन निवडला. तिथेच फसलो असतो: उचलताना रोबोकडे मॅटवरून घेतलेला माल असला तर तो रेफरीकडे जातो आणि त्या सामन्यातून बाद. म्हणून उचलायचं ते रिकाम्या हाताने परतणाऱ्या अँगलर फिशच्या रनमध्येच.

आता वाद दुसऱ्या टोकनवर. ते १५ ला पडतं, पण त्यातून वाचलेल्या वेळात शार्कचं मिशन (३० गुण) बसतं. आमची शार्क दहात सहादा लागते, म्हणजे सरासरी १८. तीन गुणांसाठी एवढी उठाठेव? मी नाही म्हणालो. त्यावर मुलांचं म्हणणं, तीन सामन्यांतला सर्वोत्तम स्कोअरच धरतात, मग सरासरी काढताय कशाला? खरंय. पहिला सामना सांभाळून खेळायचा, पुढच्या दोघांत शार्क, असं ठरलं.

पुढच्या रविवारपर्यंत: डावा टायर बदलणे, आणि उचलणाऱ्याने नेमकं कुठे उभं राहायचं ते ठरवणे. काल दोघींची डोकी आपटली.